‘समुपदेशक’ असा बोर्ड लावायला लागतं तरी काय?

सरळ उत्तर आधीच देऊन टाकतो, फाटे नंतर फोडू. मनाच्या डॉक्टरला, म्हणजे सायकियाट्रिस्टला, लायसन लागतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टलाही लागतं. पण नुसतं ‘काउन्सेलर’ किंवा ‘समुपदेशक’ लिहून खुर्ची टाकणाऱ्याला कालपरवापर्यंत कोणीच विचारत नव्हतं, आणि आता विचारायचा कायदा झाला आहे तर तो अजून नीट तालुक्यापर्यंत पोचलेला नाही.

माझं फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे, यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. वाढदिवस, भावपूर्ण श्रद्धांजली, कृषी सेवा केंद्र, कोचिंग क्लास, सगळ्यांचे बोर्ड आमच्याकडूनच जातात. त्यात हल्ली एक नवीन प्रकार यायला लागला, ‘मानसिक समुपदेशन केंद्र, ताणतणाव, नैराश्य, दारू सोडवणे, अभ्यासात लक्ष न लागणे, पती-पत्नी वाद’, सगळं एकाच बोर्डावर, खाली फोटो आणि नावाच्या आधी डॉ. एक जण आला होता तर मी विचारलं, भाऊ डॉक्टरच्या बोर्डावर रजिस्ट्रेशन नंबर टाकतो आपण, तुमचा कोणता टाकू? तर तो म्हणे, “त्याले नंबर कशाले लागते, आपण काय गोळ्या देऊन राहिलो का?” आणि मोबाईलमधून एक सर्टिफिकेट दाखवलं, सोनेरी बॉर्डरवालं, तीन दिवसाच्या ऑनलाइन वर्कशॉपचं. गंमत म्हणजे त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ते कसं, तेच समजून घेऊ.

आधी हे लक्षात घ्या की आपल्या इकडं काउन्सेलर म्हणून भेटणारी माणसं एका जातीची नाहीत. ग्रामीण रुग्णालयात एचआयव्ही तपासणीच्या खोलीत बसतात ते काउन्सेलर. मैत्री क्लिनिकमध्ये वयात येणाऱ्या पोरापोरींशी बोलतात ते पण. नवरा-बायकोचं भांडण पोलीस स्टेशनला गेलं की तारीख देऊन दोघांना समोरासमोर बसवतात तेही समुपदेशनच, आणि खेड्यातल्या बहुतेक लोकांनी हा शब्द पहिल्यांदा तिथंच ऐकलेला असतो. बारावीनंतर ॲडमिशन करून देणारा एजंटही स्वतःला काउन्सेलर म्हणतो. यातल्या कोणाला मनाच्या आजाराचं शिक्षण आहे, कोणाला नाही, बोर्ड वाचून काहीच कळत नाही.

आता कायद्याकडे येऊ. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून वर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेला डॉक्टर, त्याची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, नंबर चिठ्ठीवर छापलेला असतो. गोळी लिहायचा अधिकार डॉक्टरचा. इथं काही गोंधळ नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा गोळ्या देत नाही, तो तपासण्या करतो, बोलून उपचार करतो, थेरपी म्हणतात ती. त्याची नोंद होते रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, थोडक्यात आरसीआय, आणि त्यामागं १९९२ चा कायदा आहे. ही कौन्सिल मुळात दिव्यांगांच्या पुनर्वसनाची आहे, म्हणजे कानाच्या मशीनवाले, विशेष शाळेतले शिक्षक, यांच्याच रजिस्टरमध्ये हा मनाचा माणूस बसवलेला आहे. जरा विचित्र घर आहे, पण घर आहे हे महत्त्वाचं. एमए झाल्यावर दोन वर्षाचं फुलटाइम एमफिल, तेही हॉस्पिटलमध्ये पेशंट बघत बघत, हा आतापर्यंतचा नेहमीचा रस्ता होता. नवीन शिक्षण धोरणात एमफिलच बंद झालं, या कोर्सला मात्र यूजीसीने, म्हणजे विद्यापीठांचे नियम ठरवणाऱ्या केंद्राच्या आयोगाने, २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली होती, पुढं त्याच्या जागी दुसऱ्या डिग्र्या. नोंद झाली की सीआरआर नंबर, म्हणजे आरसीआयच्या रजिस्टरमधला नंबर, मिळतो, तो दर ५ वर्षांनी रिन्यू करावा लागतो, म्हणून नंबरासोबत तारीखही बघायची. नोंद नसताना हे काम केलं तर कायद्यात १ वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. हजार रुपये! आमच्याकडं चांगल्या मापाचा फ्लेक्स त्याहून महाग पडतो.

मग आला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, लागू झाला २०१८ च्या मे महिन्यात. हा कायदा पेशंटच्या बाजूचा आहे आणि चांगला आहे. सरकारी उपचार मिळणं हा हक्क, आजाराची माहिती गुप्त राहणं हा हक्क, साखळदंडाने बांधायला बंदी, आणि जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न धरता तो प्रचंड ताणात होता असं धरून चालायचं, उलट सरकारनेच त्याची काळजी घ्यायची. विदर्भात हे कलम किती घरांना लागू पडतं हे मी वेगळं सांगत नाही. पण आपल्या विषयापुरतं बघा. या कायद्यात ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ कोणाला म्हणायचं ते लिहिलेलं आहे. एक सायकियाट्रिस्ट, दुसरे म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी किंवा सिद्ध यात मनोविकाराचंच पोस्ट ग्रॅज्युएशन केलेले, आणि तिसरे म्हणजे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाने नोंदवलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिक सोशल वर्कर आणि मानसिक आरोग्याच्या नर्स. यादी संपली. काउन्सेलर यात नाहीच.

अजून एक फट आहे. संस्थेची नोंदणी करायची सक्ती आहे ती फक्त जिथं पेशंटला भरती करून किंवा ठेवून घेतात तिथं. म्हणजे राहायची सोय असलेलं व्यसनमुक्ती केंद्र या कायद्यात येतं, कारण दारू आणि ड्रग्सने झालेला मनाचा आजारही त्यात धरलेला आहे, आणि नोंदणी नसली तर पहिल्या वेळीच ५ हजार ते ५० हजार दंड आहे, पुढं वाढत वाढत ५ लाखांपर्यंत जातो. पण बसस्टँडसमोर एक खोली, दोन खुर्च्या, एक पडदा आणि तासाला पाचशे रुपये, असं जे दुकान आहे ते यात कुठंच येत नाही. फ्लेक्सवाल्या भाऊचं म्हणणं म्हणूनच खोटं नव्हतं.

व्यसनमुक्तीचं जरा थांबून सांगतो कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त फसवणूक तिथं होते. वर्धा १९७५ पासून दारूबंदीचा जिल्हा, गडचिरोली १९९३ पासून, आणि तरी दारू कुठं मिळते ते पानठेल्यावरच्या कोणालाही विचारा. घरची बाई कंटाळून कोणाचा तरी नंबर मिळवते, रात्री गाडी येते, चार जण नवऱ्याला उचलून नेतात, महिनाभर भेटू देत नाहीत आणि बिल मात्र आगाऊ. अशा ठिकाणी तिथं डॉक्टर कोण आहे, नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर कुठं आहे, हे दोन प्रश्न पैसे द्यायच्या आधी विचारले पाहिजेत. माणसाला बांधून ठेवणं किंवा मारणं हा उपचार नाही, गुन्हा आहे, बायकोने सही दिली असली तरी.

तर या मोकळ्या सुटलेल्या काउन्सेलर लोकांना पहिल्यांदा कायद्यात आणलं ते २०२१ च्या कायद्याने. नाव लांबलचक आहे, राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा. लॅब टेक्निशियन, फिजिओथेरपी, एक्सरेवाले असे १० गटांत ५६ व्यवसाय त्याच्या परिशिष्टात आहेत आणि त्यात एक गट वागणूक आणि मनाशी संबंधित लोकांचा आहे. सायकॉलॉजिस्ट त्यात येतो (आरसीआयकडे नोंदलेला क्लिनिकलवाला सोडून), सोशल वर्कर येतात, आरोग्य समुपदेशक येतात, एचआयव्ही आणि कुटुंब नियोजनाचे समुपदेशक येतात, मानसिक आरोग्यात मदतनीस म्हणून काम करणारेही येतात. शिक्षणाचे तास ठरवलेत, खालच्या पातळीला कमीत कमी २००० आणि वरच्या पातळीला कमीत कमी ३६००. म्हणजे तीन दिवसाच्या वर्कशॉपचा विषयच संपला. केंद्रात आयोग, राज्यात परिषद, तिचं रजिस्टर, आणि नोंद नसताना धंदा केला तर ५० हजार दंड. हजारावरून पन्नास हजार, हे बरं झालं.

पण कायदा झाल्याबरोबर रजिस्टर तयार होत नसतं. राज्यांनी परिषदा बनवायलाच इतका वेळ लावला की २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, दोन महिन्यांत कामाला लागा. त्यामुळं आत्ता परिस्थिती अशी की एमए सायकॉलॉजी करून प्रामाणिकपणे काम करणारी पोरगी आणि तो सोनेरी बॉर्डरच्या सर्टिफिकेटवाला, दोघांच्याही बोर्डावर नंबर नाही, आणि बाहेरून दोघं सारखेच दिसतात. याचा जास्त तोटा त्या पोरीला आहे.

तिचा आणखी एक तोटा झाला. यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून सायकॉलॉजी डिस्टन्स किंवा ऑनलाइन शिकवायला मनाई केली, याच २०२१ च्या कायद्याचा आधार घेऊन. आता पेशंटसमोर बसायचं शिक्षण पोस्टाने येणाऱ्या पुस्तकांवर होऊ नये हे मला पटतं. पण उमरखेड-पुसदकडच्या कित्येक पोरी, अंगणवाडी सेविका, मास्तर लोक हे शिक्षण डिस्टन्सनेच घेत होते कारण रेग्युलर म्हणजे नागपूर-अमरावतीला खोली करून राहणं आलं आणि ते कास्तकाराच्या घरात पहिलं पोराच्या वाट्याला जातं. नियम बरोबर आणि तरी भार आपल्यावर, असं बऱ्याचदा होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी रेग्युलर कोर्स आणि प्रॅक्टिकलची सोय केल्याशिवाय नुसती मनाई करून काउन्सेलर वाढणार नाहीत, हे माझं मत.

लायसनचा उपयोग काय, असंही लोक विचारतात. कृषी सेवा केंद्रवाल्याला फवारणीचं औषध विकायला लायसन भिंतीवर लावावं लागतं. त्याने फवारणी लागू पडेलच अशी काही ग्यारंटी मिळत नाही, पण माल बोगस निघाला तर कोणाच्या नावाने अर्ज करायचा आणि तो अर्ज कोण घेणार हे ठरलेलं असतं, आणि लायसन रद्द होईल ही भीती दुकानदाराला असते. काउन्सेलरच्या लायसनचंही एवढंच आहे. कमीत कमी शिक्षण, वागायचे नियम, आणि चुकला तर काढून घेण्यासारखं काहीतरी. ज्याच्याकडं काढून घेण्यासारखं काहीच नाही त्याचं तुम्ही वाकडं काय करणार?

बाहेरही हे काही एका दिवसात झालेलं नाही. अमेरिकेत काउन्सेलरचं लायसन राज्यागणिक वेगळं, पहिलं व्हर्जिनियाने १९७६ मध्ये आणलं आणि कॅलिफोर्नियाने शेवटी २००९ मध्ये, म्हणजे तेहेतीस वर्ष गेली. इंग्लंडात तर आजही काउन्सेलर हा शब्द कायद्याने बांधलेला नाही.

आता दुसरी बाजू, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. विदर्भात ११ जिल्हे. गडचिरोलीतल्या सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याच्या दवाखान्यात यायचं तर दोनशे किलोमीटरच्या वर रस्ता, धारणीवाल्याला मेळघाटचा घाट उतरून अमरावती. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं तेव्हाच दिसलं होतं की नैराश्य, चिंता यासारख्या नेहमीच्या आजारांत शंभरातल्या ८५ जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. आपण म्हटलं की फक्त मोठी डिग्रीवालाच बोलेल, तर मग गावात बोलणारा उरतो तो अंगारा देणारा. तिथं पेशंटच्या कुटुंबाचं बकरंही जातं आणि वर्षही जातं.

म्हणून अमरावती जिल्ह्यात विश्राम नावाचा जो प्रकल्प झाला तो समजून घ्या. ३० गावं घेतली. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं की उदास माणूस कसा ओळखायचा, त्याच्याशी पहिलं बोलणं कसं करायचं. त्यांच्या वर ट्रेनिंग दिलेले समुपदेशक, आणि त्यांच्याही वर सायकियाट्रिस्ट, ज्याच्याकडं जड केस पाठवायची. दीड वर्षात नैराश्याच्या पेशंटपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, आणि हे २०१७ मध्ये मोठ्या आंतरराष्ट्रीय मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. यातली बरीच माणसं लायसनवाली नव्हती. पण ती एकटी नव्हती, वर विचारायला माणूस होता, कुठं थांबायचं ते शिकवलेलं होतं, आणि गावकऱ्यांकडून तासाचे पैसे घेऊन दुकान चालवत नव्हती. सरकारच्या प्रेरणा प्रकल्पातही, २०१५ पासून, आशाताईच घरोघरी जाऊन ताणात असलेलं कास्तकार कुटुंब हेरतात आणि पुढं पाठवतात. आशाताई काही थेरपी करत नाही, ती दार ओळखते. माझ्या मते कायद्याने रेघ इथं ओढावी. देखरेखीखाली, ठरलेल्या मर्यादेत काम करणाऱ्याला मोकळीक, आणि स्वतंत्र खोली टाकून पैसे घेणाऱ्याला नंबर सक्तीचा.

आता तुमच्या घरच्या माणसाला घेऊन तुम्ही एखाद्या काउन्सेलरच्या समोर बसलात तर काय बघायचं? शिक्षण कुठं झालं आणि किती वर्षाचं, हे विचारायची लाज नको, चांगला माणूस चिडत नाही. स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणत असेल तर सीआरआर नंबर मागा आणि आरसीआयच्या वेबसाइटवर टाकून बघा, नाव आलं पाहिजे. नावाआधी डॉ. असेल तर कशाचा ते विचारा, पीएचडी केलेलाही डॉ. लिहू शकतो, त्यात गैर काही नाही, पण तो गोळी लिहू शकत नाही. तुमच्या हाताबाहेरची केस कोणाकडं पाठवता, हा प्रश्न सगळ्यात कामाचा. ज्याच्याकडं याचं उत्तर नाही, तिथून उठायचं. आणि एक गोष्ट तर अगदीच धोक्याची, चालू असलेल्या गोळ्या बंद करा, मी तीन सिटिंगमध्ये ग्यारंटीने बरं करतो, असं कोणी म्हटलं तर. फिटच्या किंवा मूडच्या आजाराच्या गोळ्या अचानक सोडल्या की माणूस पुन्हा पडतो, कधी आधीपेक्षा वाईट.

गुप्ततेचं शहरात एक असतं, आपल्या गावात दुसरं. इथं काउन्सेलरची मावसबहीण तुमच्या शेजारी राहते. जिल्ह्याच्या दवाखान्यात मनाच्या ओपीडीसमोर बाकावर बसलेला माणूस ओळखीचं कोणी दिसलं की “बीपीची गोळी घ्यायले आलो होतो” म्हणून सांगतो आणि फाइल उलटी धरतो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, मी बोललो ते कुठं जाईल? बरोबर उत्तर असं की कुठंच नाही, फक्त तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर सांगावं लागेल, आणि लहान लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याप्रमाणे कळवावंच लागतं. जो म्हणतो मी कोणालाच काहीच सांगणार नाही, त्याने एक तर नियम वाचले नाहीत किंवा तो तुम्हाला खूश करून राहिला.

फसलात तर तक्रार कुठं? डॉक्टर नसून गोळ्या-इंजेक्शन देत असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडं लेखी द्या, बोगस डॉक्टर शोधायची समिती असते. भूत काढतो म्हणून पैसे घेतले, मारहाण केली तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, ६ महिने ते ७ वर्ष शिक्षा, थेट पोलीस स्टेशन. अंगाला हात लावला, अश्लील बोलला तरी पोलीसच. फी घेऊन काम नीट केलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, पण त्यासाठी पावती पाहिजे, आणि आपल्याकडं पावती मागायला माणूस संकोचतो, तो संकोच सोडा. सायकियाट्रिस्टची तक्रार मेडिकल कौन्सिलला, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआयला.

पैसेच नसतील किंवा जायचंच जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. घरात कोणी जिवाचं बरंवाईट करायच्या गोष्टी बोलत असेल तर आधी हा फोन, फवारणीचं औषध घरातून हलवायचं, आणि त्याला एकटं सोडायचं नाही. लायसन-बियसन नंतर बघू.

शाळांचं एक राहिलं. २०२५ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या केसमध्ये सांगितलं की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षण संस्थेत मुलांच्या मानसिक आरोग्याचं ट्रेनिंग असलेला एक तरी समुपदेशक, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर पाहिजे, आणि ज्यांचा पट त्याहून कमी त्यांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. आपल्या जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांचा पट चाळीस-पन्नासचा, म्हणजे आपल्याला दुसरा नियम लागू. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या मीटिंगला हेडमास्तरांना एवढं विचारा, आपली शाळा कोणाशी जोडली आहे, त्या माणसाचं शिक्षण काय, आणि तो शेवटचा कधी आला होता. आणि जे उत्तर मिळेल ते प्रोसिडिंगमध्ये लिहायला लावा.